बॅड, बदनाम आणि सायकलचं चाक

आमच्या वेळी इंग्रजी आणि संस्कृत हे दोन्ही विषय एकाच सरांकडे होते. शिक्षक कमी म्हणून असेल, पण त्यात आमचं भलं झालं. सर स्पेलिंग घोकून घेत नसत, शब्दाची कुळी सांगत.

एकदा धड्यात ‘व्हील’ आला. सरांनी फळ्यावर चक्र, ग्रीक ‘कुक्लोस’ आणि जुन्या इंग्रजीतलं ‘ह्वेओल’ एकाखाली एक लिहिलं आणि म्हणाले, ‘ही सख्खी भावंडं.’ वर्ग हसला. तोंडवळा कुठे जुळतोय? मग शेजारी जोड्या आल्या : पाद–फूट, पितृ–फादर, त्रि–थ्री, कः–हू. आपला प तिकडे फ, त तिकडे थ, आणि क तिकडे ह. १८२२ साली याकोब ग्रिमने हा नियम मांडला. परीकथा गोळा करणाऱ्या दोघा भावांतला तो थोरला. चक्रातल्या पहिल्या क चा मात्र आपल्याकडे च झाला, कारण त्याच्यापुढे मुळात ए होता. दुसरा क वाचला. मूळ धातू ‘फिरणे’ अशा अर्थाचा, आणि शब्दात तो दोनदा आलेला, आपल्या ‘गरगर’सारखा. या सगळ्या भाषा जिच्यातून निघाल्या ती मूळ भाषा कुणी लिहून ठेवलेली नाही, म्हणून सर तिच्या शब्दांआधी चांदणी काढत.

पुढे कुक्लोस लॅटिन-फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘सायकल’ झाला. इकडे चक्राचं प्राकृतात चक्क, मराठीत चाक. म्हणजे ‘सायकलचं चाक’ म्हणताना एकाच घरातले दोघे शेजारी बसतात!

मग काय, वर्गाला नादच लागला. ‘बदनाम’मधला बद म्हणजेच ‘बॅड’, असं एकाने छातीठोकपणे सांगितलं. अर्थ तोच, उच्चारही जवळजवळ तोच. सरांनी तिथल्या तिथे निकाल लावला. फारसी ‘बद’ पूर्वी पहलवीत, म्हणजे मधल्या काळातल्या फारसीत, ‘वद’ होता. त्यातला ब मागाहूनचा. इंग्रजी ‘बॅड’शी त्याचा काडीचा संबंध नाही. मला चक्रापेक्षा हाच तास जास्त लक्षात राहिला. न दिसणारं नातं मानायला लावणारा माणूस समोर दिसणारं नातं नाकारत होता, आणि दोन्हीकडे कसोटी एकच!

संस्कृत ही इंग्रजीची आई, असं सरांनी कधी म्हटलं नाही. तिथले न्यायाधीश असलेल्या विल्यम जोन्सने १७८६ मध्ये कलकत्त्याच्या भाषणात संस्कृत, ग्रीक, लॅटिन या एकाच उगमाच्या असाव्यात असं मांडलं होतं, ते वाचून दाखवत आणि म्हणत, ‘आई नव्हे रे, मावशी.’

आता आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘सगळे इंग्रजी शब्द संस्कृतातून’ अशी यादी दर महिन्याला येते. मी विचारतो, ‘ध्वनीचा नियम कुठला?’ लगेच कुणीतरी सुप्रभात टाकतं.