तुम्ही विचारलंत म्हणून: खुकरीला पाणबुडी ऐकू कशी आली नाही?

नेव्ही डे जवळ आला की सोसायटीतली कॉलेजची पोरं हमखास विचारतात, काका तुम्ही तर नेव्हीत सोनारवर, म्हणजे पाण्याखाली आवाजाने शोध घेणाऱ्या यंत्रावर होतात ना, मग 1971 च्या युद्धात आपल्या आयएनएस खुकरी या युद्धनौकेला तिला बुडवणारी पाकिस्तानी पाणबुडी ऐकूच कशी आली नाही, ड्युटीवरची माणसं झोपली होती का? तो झोपेचा भाग ऐकला की मला खरंच फार त्रास होतो, म्हणून एकदा नीट सांगतो.

मी खुकरीवर नव्हतो, पण माझंही काम तेच. कानाला हेडफोन लावायचे, जहाजाच्या तळातून पिंग, म्हणजे आवाजाचा ठोका, सोडायचा आणि तो कशावर आपटून परत येतोय का ते ऐकत बसायचं. आपल्या अरबी समुद्राचं असं आहे की वरचं पाणी उन्हाने तापलेलं आणि खाली एका थरानंतर गार होत जातं, त्या सांध्यावर आवाज सरळ जातच नाही, वाकतो. पाणबुडी त्या थराखाली शिरली की वरून मारा किती पिंग मारायचे ते. आणि आमच्या पिंगला जाऊन परत यायचं असतं, तिला तो फक्त एकदा ऐकला की पुरतं, म्हणजे अंधारात टॉर्च लावून चोर शोधण्यासारखं, चोराला तुम्ही आधी दिसता. त्यात पाकिस्तानची ती पाणबुडी, हंगोर, फ्रेंच बनावटीची, अगदी नवी, बॅटरीवर चालली की जवळपास मुकी. खुकरी 1958 ची.

8 डिसेंबरला खुकरी आणि किरपाण या युद्धनौका मुंबईहून हंगोरच्या शोधात निघाल्या. त्यांच्या जोडीची कुठार बॉयलरमधल्या स्फोटामुळे जाऊ शकली नाही. आपले कान तोकडे आहेत हे त्या जहाजांवरच्या सगळ्यांना माहीत होतं, तरी गेले. सोनारची पोच वाढवायचा एक प्रयोगही खुकरीवर चालू होता, त्यासाठी वेग कमी ठेवावा लागे, आणि पाणबुडी आसपास असताना हळू चालणं किती धोक्याचं ते सांगायला नको.

9 तारखेला रात्री पावणेनऊच्या सुमारास, दीवजवळच्या समुद्रात, हंगोरने पहिला टॉर्पेडो किरपाणवर सोडला तो वाया गेला, पुढचा खुकरीला लागला. काही मिनिटांत जहाज बुडालं. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला स्वतःचं लाइफजॅकेट दुसऱ्याला देऊन जहाजावरच थांबले, त्यांना महावीर चक्र मिळालं. वाचले 67.

त्या 67 मधला एकजण नंतर माझ्याबरोबर होता, रत्नागिरीकडचा. स्फोटानंतर लाइट गेले, शिडी चाचपत वर आला, उडी मारली तर पाण्यावर फर्नेस ऑइलचा जाड थर, डोळ्यात नाकात तेच, मग राफ्टला धरून रात्रभर, दुसऱ्या दिवशी आयएनएस कच्छलने उचललं. एवढं तो सांगायचा. पण जास्त बोलायचा ते खाली बॉयलर रूममध्ये वॉचवर असलेल्यांबद्दल, त्यांना शिडीपर्यंत पोचायलाच वेळ मिळाला नाही.

तेव्हा झोपलं कोणी नव्हतं रे बाळांनो. ती पाणबुडी पकडायला थराच्या खाली सोडता येईल असा सोनार लागतो, आणि तसा खुकरीवर नव्हता.