राज्य निवडा

गेल्या महिन्यात एका रात्री साडेदहाला मी महाराष्ट्रात गेले. खुर्ची तीच, बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या आमच्या क्वार्टरमधली. बाहेरचा पाऊसही तोच. फोनवर 'राज्य निवडा' असं आलं, तिथं कर्नाटकाच्या जागी महाराष्ट्र केलं, एवढंच. १९५६ पासून आमच्या पुढाऱ्यांना जे जमलं नाही ते मी एका बोटानं केलं.

बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचा, म्हणजे आमच्या भाषेत पीपीएचचा, एक ऑनलाइन कोर्स होता. कर्नाटक निवडलं की भाषा दोनच, कन्नड नाहीतर इंग्लिश. महाराष्ट्र निवडलं की मराठीही दिसते. म्हणजे मराठी कोर्स तयार करून ठेवलाय, पण हद्दीच्या पलीकडं! कन्नडबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगते. एएनएमचं, म्हणजे गावच्या उपकेंद्रातल्या नर्सचं, ट्रेनिंग मी कन्नडात केलं, रजिस्टरं कन्नडात लिहिते, आणि कन्नड बोलणारी बाई टेबलवर असली की 'जोर हच्चव्वा' म्हणूनच तिची सुटका करते. पण शाळा दहावीपर्यंत मराठी. दिवसभर फिरून आल्यावर रात्री परीक्षेचा प्रश्न समोर आला की डोकं पहिल्यांदा मराठीकडंच धावतं, त्याला मी काय करू?

तर मराठी उघडली. पहिलंच पान, 'तृतीय अवस्थेचे सक्रिय व्यवस्थापन'. तीनदा वाचलं. मग उजेड पडला, हे तर आमचं एएमटीएसएल! बाळ बाहेर आलं की एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन, मग नाळ हलक्या हातानं ओढत वार (प्लासेंटा) काढायची, मग पोटावर हात ठेवून गर्भाशय आवळलंय का बघायचं. इतक्या वर्षांत किती वेळा केलं त्याची गणती नाही, आणि माझ्याच कामाचं नाव मला ओळखू येईना. आम्ही 'वार पडली का' म्हणतो, 'युटेरस सैल लागतंय' म्हणतो. भाषांतर करणाऱ्यानं एक रात्र लेबर रूमबाहेरच्या बाकड्यावर काढली असती तर बरं झालं असतं.

नर्सिंगचं रजिस्ट्रेशन पाच वर्षांनी रिन्यू करायचं तर १५० तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. वर्षाला तीस तास. ऐकायला काहीच नाही. पण हे तीस तास माझ्या ड्यूटीत कुठं बसतात ते कुणी सांगत नाही. आता आमचं पदनाम बदललं, आम्ही 'प्राथमिक आरोग्य सुरक्षा अधिकारी' झालो (गावात अजून नर्सबाईच), तरी दिवस चोवीस तासांचाच राहिला. डोंगराळ भागात उपकेंद्रामागं तीन हजार लोक धरतात. पण ते तीन हजार एका ओळीत राहत नाहीत. एक वाडी इकडं, एक ओढ्यापलीकडं. घरी आल्यावर भाकरी, पोरीचा अभ्यास, सासूबाईंची शुगरची गोळी. साडेदहाच्या आत माझा कोर्स कधी सुरू झालेला मला आठवत नाही.

त्यात लाइव्ह सेशन ठेवलं ते गुरुवारी दुपारी दोन ते साडेतीन. कर्नाटकात गुरुवार हा लसीकरणाचा वार, हे ज्यांना माहीत नाही ते आम्हाला काय शिकवणार, असं माझ्या मनात आलं. अंगणवाडीत पंचवीसेक बाळं. बीसीजी आणि एमआरची (गोवर-रुबेलाची) कुपी एकदा कालवली की चार तासांत संपवायची, नाहीतर टाकून द्यायची. लसींचा डबा संध्याकाळच्या आत पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राला, परत गेला पाहिजे. तरी मी एका कानात इअरफोन घालून बसले. तिकडून आवाज येतोय, 'कॅमेरा ऑन कीजिए, नहीं तो अटेंडन्स नहीं लगेगी.' इकडं एक आजी नातवाची मांडी उघडी करून धरून म्हणते, "सिस्टर, टोचूलालात की फोनवर बोलूलालात?" मी फोन बंद केला. गैरहजर.

नेटवर्कचं काय लिहू? पावसाळ्यात जांबोटीच्या पुढं गेलं की फोन म्हणजे बॅटरी, तीही चार्ज असली तर. आमच्या क्वार्टरला पाण्याच्या टाकीजवळ दोन दांड्या मिळतात. तिथं छत्री धरून उभं राहिलं की व्हिडिओ थोडा थोडा पुढं सरकतो, आणि पुढं ढकलायची सोय नाही. पूर्ण बघितलाच पाहिजे. मध्ये कट झाला की पुन्हा पहिल्यापासून.

ओटीपीची तर निराळीच कथा. जुना नंबर नवऱ्याच्या नावावर, सिम त्याच्याकडं, आणि तो कामाला गोव्यात. कोर्स मी खानापुरात उघडते, आकडा म्हापशात वाजतो. तो मशीनवर असला की दहा मिनिटं निघून जातात. मग पुन्हा मागवायचा. नंबर बदलायचा तर कागदांवरची नावं जुळली पाहिजेत. रजिस्ट्रेशन माहेरच्या नावानं, आधार सासरच्या. आणि जिल्हा एका कागदावर बेळगाव, दुसऱ्यावर बेळगावी.

माझी एक मैत्रीण शहरात खासगी दवाखान्यात आहे. तिला नेटवर्कचा त्रास नाही. तिची ड्यूटी बारा तासांची, फी स्वतःच्या खिशातून, आणि लाइव्ह सेशनला बसायचं तर त्या दिवसाचा पगार कापतात. ती म्हणाली, "तुझं बरं गे, तुझं निदान व्हिडिओवरच अडलंय."

खरं सांगायचं तर व्हिडिओ चांगला होता. बाईखाली प्लास्टिकची शीट घालतात, खाली निमुळती पिशवी, त्यावर रेघा. रक्त किती गेलं ते रेघेवर वाचायचं. कपड्यात मुरलेलं रक्त डोळ्यांना नेहमी कमीच वाटतं आणि तिथंच घात होतो. ती शीट बघून मला हसू आलं. अशी शीट आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत वापरून झाली आहे. १६२० बायकांवर मिसोप्रोस्टॉल या औषधाचा अभ्यास झाला होता, त्यात रक्त मोजायला हीच शीट. बाळंतपणं करणाऱ्या एएनएमच होत्या. त्या गोळ्यांनी रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं आणि २००६ साली ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. हे मला कोर्सनं सांगितलं नाही. रिटायर झालेल्या आमच्या अक्कांनी सांगितलं.

अक्कांनीच मला पीपीएच शिकवला. नोकरीचं पहिलं वर्ष, रात्रीची वेळ, बाईचा चेहरा पांढरा पडत चाललेला, आणि मी गर्भाशय चोळत होते ते कणीक मळावी तसं, भीत भीत. अक्कांनी माझ्या हातावर आपला हात ठेवून दाबला. "नारळासारखं लागेपर्यंत सोडू नको." किती दाबायचं ते त्या हाताच्या वजनावरून कळलं. व्हिडिओत हेच चाळीस सेकंदांत छान दाखवलंय. पण मी कमी दाबतेय हे व्हिडिओला कुठं कळतं?

म्हणून दुसऱ्या शनिवारी ओपीडी संपल्यावर आम्ही चौघी पीएचसीत थांबलो. एकीनं बेळगावला गेल्यावर व्हिडिओ उतरवून आणला होता. टॉवेल गुंडाळून गर्भाशय केलं, जुन्या पेटीकोटची नाडी झाली नाळ. अक्कांना बोलावलं. त्या आल्या, चष्मा विसरून आल्या, आणि तासभर आमच्या हातांवर हात ठेवत फिरल्या. सगळ्यांत नवीन पोरीला चौथ्या खेपेला जमलं. हा तास कुठल्याच रजिस्टरात नाही.

माझं महाराष्ट्राचं सर्टिफिकेट मात्र आलं. रंगीत, क्यूआर कोडसकट. राज्य महाराष्ट्र, जिल्हा कोल्हापूर, कारण यादीत त्यातल्या त्यात जवळचं तेच होतं. ऑफिसात दाखवलं तर क्लार्कनं चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाला, "इद नडेयोदिल्ल, सिस्टर." म्हणजे हे चालायचं नाही.

आता कर्नाटक निवडून कन्नडात पहिल्यापासून सुरू केलंय. ६८ टक्क्यांवर अडकलंय. मघाशी लॉगिन केलं, आकडा मागवला. नवरा सेकंड शिफ्टला आहे.