बुरुजाची मेणबत्ती

सिलिकॉनचा साचा पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मला जरा रागच आला. माझी अख्खी नोकरी शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत, पॅटर्न शॉपला, म्हणजे ज्यांचा ठसा वाळूत घेऊन धातू ओततात ते लाकडी नमुने करण्यात गेली. लाकडाचा पॅटर्न वाळू न मोडता वर यावा म्हणून उभ्या बाजूंना ड्राफ्ट, म्हणजे थोडा उतार द्यायचा, कुठे अंडरकट, म्हणजे पॅटर्न अडकेल अशी आडवी खाच आली की कोअर, म्हणजे वाळूचा वेगळा गाभा बसवायचा, नाहीतर पॅटर्नचेच दोन तुकडे करायचे, यात केस पांढरे झाले. आणि इथे आमची सून मेणबत्तीचं गुलाबाचं फूल, पाकळ्यांच्या आतल्या खाचांसकट, साच्यातून मोजा सोलावा तसं काढते. ना ड्राफ्ट, ना साच्याच्या दोन भागांमधली पार्टिंग लाइन. वर मलाच विचारते, "पप्पा, एवढं काय निरखून बघताय?"

तिचं माहेर पुण्याचं. रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून मेण, वाती, रंग, तेलं असं सगळं पोतंभर सामान ती दिवाळीच्या आधी घेऊन आली आणि आमच्या स्वयंपाकघराचा मागचा ओटा तिच्या ताब्यात गेला. मी नुसता बघायला म्हणून जायचो. पण ओतकामाच्या माणसाला दुसऱ्याचं ओतणं गप्प बसून बघवत नाही.

तिची तक्रार होती की वातीभोवती खड्डा पडतो. पडणारच. वितळलेलं पॅराफिन गोठताना आकारमानात साधारण दहा टक्क्यांच्या आसपास आकसतं. आधी बाहेरची बाजू गोठते, मग आतलं मेण तिच्याकडे ओढलं जातं आणि मधे पोकळी राहते. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या ओतकामातही हीच कटकट असते. म्हणून पॅटर्न मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर मोठा करतात आणि जाड भागाच्या डोक्यावर रायझर, म्हणजे जादा धातूचा साठा ठेवतात, म्हणजे आत जागा झाली की वरून पातळ धातू भरत राहतो. मेणबत्तीला रायझर कुठून आणायचा? थोडं मेण मागे ठेवायचं. वरचा थर धरला की वातीच्या बाजूने दाभणाने दोन-तीन भोकं पाडायची, खाली दडलेली पोकळी उघडी होते, आणि मागे ठेवलेलं मेण पहिल्यापेक्षा जरासं गरम करून त्यात सोडायचं. फक्त पहिल्या पातळीच्या वर जाऊ द्यायचं नाही, नाहीतर ते साच्याच्या कडेने खाली उतरतं आणि बाहेरच्या अंगावर पापुद्रा धरतं. साच्यात मेणबत्ती उलटी असते, बूड वर. त्यामुळे ही सगळी डागडुजी बुडाखाली झाकली जाते.

मेण वितळवण्याबद्दल मी घरात हुकूमशहा आहे. थेट गॅसवर पातेलं ठेवायचं नाही म्हणजे नाही. आमचं मेण ५८-६० अंशांना वितळणारं. पाण्याच्या पातेल्यात दुसरं पातेलं ठेवलं की काही झालं तरी ते शंभराच्या पुढे जात नाही. कोल्हापूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, म्हणजे आमच्याकडे पाणी अठ्ठ्याण्णवलाच उकळतं. उलट थेट आचेवर मेण कधी दोनशेच्या जवळ गेलं आणि त्याच्या वाफेने कधी पेट घेतला, हे कळायला वेळ लागत नाही. अशा वेळी गॅस बंद करून वर झाकण. पाणी अजिबात नाही. चौदाशे अंशांचं बीड ज्यांनी ओतलंय ते ऐंशी अंशांच्या मेणाला कशाला भितात, असं आमची ही म्हणते. बिडाला सगळे भितात म्हणून तिथे सगळे बूट घालून येतात, मेणाजवळ माणसं गाऊनची बाही लोंबकळत ठेवून येतात, हे माझं उत्तर.

मग नातीने फर्माइश केली: किल्ल्यावर ठेवायला मावळ्याची मेणबत्ती. दिवाळीचा किल्ला आम्ही अंगणात दरवर्षी करतो, माती, दगड, गोणपाट, वर हळिवाची पेरणी. पण मावळ्याच्या डोक्यावर वात पेटवायची? मी साफ नकार दिला. मेणाचा मावळा हळूहळू वितळताना बघायचा, हा कसला सण! बऱ्याच रुसव्याफुगव्यानंतर बुरुजावर तडजोड झाली. बुरूज मुळातच गोल, खाली रुंद, वर निमुळता. वात मधोमध. ओतायला याहून सरळ वस्तू नाही.

सागवानाचा तुकडा मित्राच्या लेथवर फिरवून घेतला. उंची ९ सेंटिमीटर, बुडाला ७, माथ्याला ६. वर चर्या, म्हणजे तटाच्या माथ्यावरचे दाते कोरले, अंगावर जंग्यांच्या, म्हणजे बंदुकीच्या भोकांच्या तीन मिलिमीटर खोल खाचा पाडल्या. वाळूच्या साच्याला असल्या आडव्या खाचा मी जन्मात दिल्या नसत्या. सिलिकॉन ताणलं जातं, म्हणून इथे द्यायच्या. लाकडाला लाखेच्या पॉलिशचे हात मारून छिद्रं बुजवली, पॅटर्न बुडावर उभा चिकटवला आणि सनमायक्याचे तुकडे ग्लू गनने जोडून भोवती पेटी केली. पेटीचे सांधे बंद करायला नात तिची खेळायची चिकणमाती घेऊन आली होती, ती परत पाठवली. प्लॅटिनमवर सेट होणारं सिलिकॉन गंधकाला फार बिचकतं. असल्या मातीत बऱ्याचदा गंधक असतं आणि जिथे ती लागेल तिथे सिलिकॉन चिकट राहतं, कितीही वाट बघा. लेटेक्सच्या हातमोज्यांचंही तेच.

सिलिकॉन दोन भागांत येतं, ते दोन्ही काट्यावर तोलून मिसळले. अंदाजपंचे काम इथे चालत नाही. पहिला हात ब्रशने जंग्यांच्या आत भरला, कारण हवा अडकते ती तिथेच. उरलेलं पेटीच्या एकाच कोपऱ्यातून बारीक धारेने सोडलं, म्हणजे ते खालून वर चढत हवेला बाहेर ढकलतं. सहाशे ग्रॅमच्या आसपास सिलिकॉन गेलं. महाग प्रकरण आहे. दुसऱ्या दिवशी साचा निघाला तेव्हा सागाच्या रेषासुद्धा आत उमटल्या होत्या. नातीला वाटलं मी मुद्दाम दगडाचा पोत दिलाय. मी होकार भरला.

साच्याच्या तळाला दाभणाने भोक पाडून वात ओवली. सिलिकॉन वातीभोवती आवळून बसतं, गळत नाही. वरच्या बाजूला आइस्क्रीमच्या दोन काड्यांमधे वात मध्यावर धरून रबर लावलं. एका बुरुजाला २७० ग्रॅम मेण लागतं. ओतल्यावर साचा चारी बाजूंनी टिचक्या मारून घ्यायचा आणि मग चार-पाच तास विसरून जायचं. लवकर व्हावं म्हणून फ्रिजमध्ये ठेवलं की तडा जातो.

साच्याचं कौतुक सगळे करतात, वातीबद्दल कुणी बोलत नाही. मेणबत्ती जळते ती वातीवर. आजची वात चपटी विणलेली असते, जळताना तिचं टोक वाकून ज्योतीच्या कडेला येतं आणि तिथे राख होऊन जातं. ही युक्ती १८२५ सालची, कांबासेरेस नावाच्या फ्रेंच माणसाची. त्याआधी काजळी धरलेलं टोक सारखं कापत बसावं लागे. पण विणीने सगळं भागत नाही, जाडी जुळावी लागते. बारीक वात लावली तर ज्योत मधोमध विहीर खणत जाते आणि स्वतःच्याच मेणात बुडून विझते. जाड लावली तर टोकाला काजळीची छत्री येते, धूर होतो, आणि आमच्या बुरुजाला तर तिने खिंडारच पाडलं: जंगीपाशी भिंत पातळ, तिथून वितळलेलं मेण बाहेर पडून खालच्या ताटलीत साठलं. नात खूश, तिच्या मते शत्रूवर तेल ओतलं. मधल्या जाडीच्या वातीने मात्र काम केलं. बाहेरची अर्धा सेंटिमीटरची भिंत उभी राहते, ज्योत आत उतरते आणि पातळ जंग्या बाकीच्या भिंतीपेक्षा जास्त उजळतात. मेणबत्तीवाले याला दोष म्हणतील, कडेपर्यंत वितळली पाहिजे म्हणतील. बुरुजाला हाच दोष शोभतो.

रंग-वासाचं खातं सुनेचं. तिने नेटवर बघून मेणाचे खडू किसून टाकायचं काढलं होतं, ते मी थांबवलं. खडूतला रंग विरघळत नाही, कणांनी वात तुंबते. हळद-कुंकवाचं तेच, तळाला जाऊन बसतात. खायचा रंग पाण्यातला, तो मेणात मिसळतच नाही. मेणाचाच रंग घ्यावा, चिमूटभर पुरतो. मोगऱ्याचं तेल साध्या पॅराफिनला किलोमागे ३० ग्रॅम बस झालं, जास्त घातलं तर अंगावर थेंब सुटतात. आणि ज्या साच्यात वासाचं मेण ओतलं त्यात पुन्हा केक करायचा नाही. सिलिकॉन वास धरून ठेवतं.

दिवाळीत ओळखीपाळखीत बरेच बुरूज गेले. बहुतेकांच्या घरी ते शोकेसमध्ये, भारनियमनाच्या काळातसुद्धा कुणी पेटवले नसते अशा थाटात उभे आहेत. "इतकी सुंदर, जाळवत नाही हो," असं म्हणतात. मग मातीचा घ्यायचा होता. आता मी प्रत्येक पिशवीत चिठ्ठी टाकतो: वात ५ मिलिमीटर ठेवून कापा, ताटलीत ठेवा, पंख्याखाली नको, आणि पेटवा.

नातीला आता दिंडी दरवाजा हवाय. कमानीच्या मधून वात कुठून न्यायची याचं उत्तर मिळेपर्यंत सागवानाला हात लावणार नाही, असं तिला सांगितलंय. तिने दोन वाती लावायचं सुचवलंय, दोन्ही खांबांवर एकेक. तसं वाईट नाही.