रापणीत आलेली जेलीफिश

पावसाळा सरल्यावर गोव्यातल्या कोलव्याच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढली जाते, तेव्हा बांगड्या-तारल्यांबरोबर आलेली जेलीफिश वाळूवर टाकून दिली जाते, आणि त्या पारदर्शक गोळ्यापाशी माझे पाय दर वेळी थबकतात. बहुतेक प्राण्यांच्या तंतुकणिकेतील, म्हणजे मायटोकॉन्ड्रियातील, डीएनए वर्तुळाकार असतो. नात्यातल्या प्रवाळांतही तसाच. जेलीफिशमध्ये मात्र तो दोन मोकळी टोके असलेल्या सरळ धाग्यासारखा असतो, आणि क्युबोझोआ या पेटीसारख्या जेलीफिशांच्या गटात तर तो आठ तुकड्यांत विभागलेला आढळतो.

माणसाच्या तंतुकणिकेत वाहक आरएनएची, म्हणजे प्रथिने घडवताना अमिनो आम्ले वाहून आणणाऱ्या रेणूंची, २२ जनुके असतात, तर ऑरेलिया या जेलीफिशमध्ये केवळ २. प्रथिने घडवण्यासाठी लागणारे उरलेले वाहक आरएनए बाहेरून, पेशीद्रवातून आत आणावे लागत असणार. तिची जनुके दोन गटांत, परस्परविरुद्ध दिशांनी वाचली जातात.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते धाग्याच्या टोकाजवळचे डीएनए पॉलिमरेझचे, म्हणजे डीएनएच्या प्रती बनवणाऱ्या विकराचे, जनुक. ते एखाद्या सरळ प्लास्मिडातून, म्हणजे मुख्य डीएनएहून वेगळ्या असलेल्या छोट्या डीएनए रेणूतून, आले असावे, असे अभ्यासक मानतात, आणि तसे असेल तर वर्तुळ उलगडून धागा कसा झाला, याचा माग त्यातच आहे.