शंभरीतला पहिला अल्बम आणि मास्तरांची कवळी

"त्याचे दात स्वतःचे आहेत का रे?"

मोबाईल मास्तरांच्या कानापाशी धरून वीस-पंचवीस सेकंद झाली असतील नसतील आणि हा त्यांचा पहिला प्रश्न. मला वाटलेलं विचारतील कोण आहे, कुठला आहे, नाहीतर सरळ म्हणतील बंद कर ते, कारण जॅझ म्हणजे मास्तरांच्या मते सूर लावताना झालेला आवाज चुकून रेकॉर्ड केलेला. पण दात?

जरा मागून सांगतो म्हणजे लिंक लागेल. मी नाशिकला अंबडमधल्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, वय एकोणपन्नास, आणि तीन वर्षांपूर्वी अचानक डोक्यात किडा वळवळला की सॅक्सोफोन शिकायचा. घरच्यांनी वेड्यात काढलं, ते ठीकच आहे, सोसायटीनेही काढलं म्हणून मी आता रविवारी पहाटे सोमेश्वरच्या पुढे नदीकाठी जाऊन वाजवतो, तिथे तक्रार करायला फक्त बगळे. तर कुणीतरी सांगितलं की जुन्या नाशकात भद्रकालीच्या मागच्या बोळात एक रिटायर बँडवाले राहतात, चाळीस वर्षं वरातीत सॅक्स वाजवलाय, मूड असला तर शिकवतील. तेच हे मास्तर. शिकवतात. पण स्वतः वाजवत नाहीत.

का, तर कवळी. ज्यांनी सॅक्स कधी तोंडाला लावला नाही त्यांना हे दुखणं कळणार नाही म्हणून सांगतो. माऊथपीसला खालून बोरूची पत्ती बांधलेली असते, त्या पत्तीखाली आपला खालचा ओठ दातांवरून आत दुमडून घ्यायचा आणि वरचे पुढचे दात सरळ माऊथपीसच्या पाठीवर टेकवायचे. सगळा टेकू त्या वरच्या दोन दातांचा, स्वर लागला की त्याची थरथर दातांतून थेट डोक्यात जाते. आता तिथे कवळी असेल तर माऊथपीस टेकवल्याबरोबर ती मागच्या बाजूने टाळूपासून सुटते, मधे हवा शिरते आणि वरच्या सा पर्यंत पोचेस्तोवर तोंडात खटखट खटखट. मास्तरांची एकदा भर वरातीत माऊथपीसबरोबर बाहेरच आली, नवरदेवाच्या घोड्यापुढे. तो त्यांचा शेवटचा सीझन. हे ते स्वतः हसत सांगतात, पण दुसऱ्या कुणी सांगितलेलं चालत नाही, म्हणून मी इथे लिहितोय ते त्यांना विचारून लिहितोय.

तर दात. मी म्हणलं मास्तर, दातांचं मला माहीत नाही, पण हे वाजवलं तेव्हा माणूस शंभर वर्षांचा होता.

मास्तरांनी मोबाईल माझ्या हातातून काढून घेतला.

माणसाचं नाव मार्शल अ‍ॅलन. जन्म २५ मे १९२४, अमेरिकेतलं केंटकी राज्य, लुईव्हिल गाव. म्हणजे आपल्याकडचे आठ सिंहस्थ होऊन गेले एवढं आयुष्य (नवव्यासाठी आत्ता आमचे रस्ते खोदून ठेवलेत, त्यावर वेगळं लिहीन, डोकं शांत असेल तेव्हा). दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होता, युद्ध संपल्यावर पॅरिसमध्ये राहून संगीत शिकला, परत अमेरिकेत आला आणि शिकागोत १९५८ च्या सुमारास सन रा नावाच्या माणसाच्या ऑर्केस्ट्रात शिरला आणि मग तिथेच राहिला. स्वतःच्या नावाने पहिला अल्बम, न्यू डॉन, बाहेर आला १४ फेब्रुवारी २०२५ ला. शंभर पूर्ण झाल्यावर थोड्याच दिवसांत रेकॉर्डिंग सुरू केलं. मधली वर्षं तुम्हीच मोजा, मी मोजली आणि एकदम गप्प झालो.

सन रा म्हणजे एक वेगळंच प्रकरण. १९१४ चा जन्म, अलाबामातल्या बर्मिंगहॅमचा, खरं नाव हर्मन ब्लाउंट, पण तो आयुष्यभर सांगत राहिला की मी पृथ्वीवरचा नाहीच, मी शनीवरून आलोय. शनी! आपल्याकडे हे ऐकलं असतं तर लोकांनी तेल वाहिलं असतं. आपली साडेसाती साडेसात वर्षांची, मार्शल अ‍ॅलनची पासष्टच्या वर गेली आणि त्याने ती हौसेने घेतलेली. बँडचं नाव आर्केस्ट्रा, म्हणजे नोहाची नाव ती आर्क आणि ऑर्केस्ट्रा एकात एक घुसवलेले. रात्री-अपरात्री, मनात येईल तेव्हा तालीम, आणि तासन्‌तास. पैसा जेमतेम. १९६८ मध्ये सगळे फिलाडेल्फियात मॉर्टन स्ट्रीटवरच्या एका घरात राहायला गेले, ते घर मार्शलच्या वडिलांचं, त्यांनी ते सन रा ला एका डॉलरला विकलं असं सांगतात. एका घरात अख्खा बँड, तिथेच जेवण तिथेच तालीम, आपल्या जुन्या वाड्यात बिऱ्हाडं राहायची तसं, फक्त प्रत्येक बिऱ्हाडात एक भोंगा.

मास्तरांना मी यूट्यूबवर त्यांचा एक जुना व्हिडिओ लावून दिला. चमचमते झगे, डोक्यावर टिकल्यांच्या टोप्या, गळ्यात माळा. मास्तर दोन मिनिटं बघत राहिले मग म्हणाले, "हा तर आमचाच युनिफॉर्म की भो." आणि खरंच सांगतो, मला इतकी वर्षं हे दिसलं नव्हतं. लाल कोट, सोनेरी झालर, खांद्यावर पट्ट्या, डोक्यावर तुरा. फरक एवढाच की त्यांना आपण शनीवरून आलोय असं दाखवायचं होतं आणि आमच्या बँडला पाथर्डी फाट्यावरून.

मग मार्शल अ‍ॅलनचा सोलो आला. हा माणूस अल्टो सॅक्स वाजवताना एका ठिकाणी बोटं ठेवून वाजवणं सोडूनच देतो, उजवा हात सॅक्सच्या सगळ्या किल्ल्यांवरून (म्हणजे बटणांवरून) खसाखसा फिरवतो, जणू खाज सुटलीय, आणि आतून किंचाळी, फुत्कार, कुत्रं केकाटल्यासारखा आवाज, मधेच एकदम गोड सूर. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं काय भन्नाट आहे. मास्तर म्हणाले, "पॅड खराब होतील त्याचे." चामड्याचे छोटे पॅड असतात प्रत्येक भोकावर, ते बसवायला माणूस मिळत नाही आता, त्यामुळे मास्तरांचा जीव तिकडे. किंचाळण्याबद्दल अवाक्षर नाही.

मला हे किंचाळणं कळायला वेळ लागला. मी वाढलो ते समेवर येणारं गाणं ऐकत. कितीही लांब जा, कितीही तानांचा गुंता करा, समेवर या, लोक मान हलवतात, सगळं परत जागेवर. १९६० च्या डिसेंबरात ऑर्नेट कोलमन नावाच्या जॅझ सॅक्सवाल्याने आठ जणांना घेऊन, म्हणजे दोन चौकडी, एक डाव्या स्पीकरमधून एक उजव्या, सदतीस-एक मिनिटं एकत्र जे काही वाजवलं त्यात सम शोधत बसलो तर चक्कर येते. तिथे एक जण काही म्हणतो, दुसरा त्याला आडवा जातो, तिसरा दोघांच्या खाली काहीतरी धरून ठेवतो, आणि ऐकणाऱ्याने ठरवायचं कुणाच्या मागे जायचं. गणपतीच्या मिरवणुकीत वाकडी बारवपासून पुढे सरकताना मेन रोडवर दोन ढोल पथकांच्या मधे उभे राहिलात तर जे होतं ते, पण मुद्दाम. सन रा कडे थोडं वेगळं होतं, तिथे लिहिलेलं संगीतही भरपूर, शिस्त जबर, आणि त्या शिस्तीच्या मधोमध अचानक हाताच्या इशाऱ्याने सगळं सुटायचं. सन रा आपल्या लोकांना सांगायचा की तुम्हाला जे येतं ते वाजवू नका, जे येत नाही ते वाजवा. माझ्यासारख्याला हे फार सोयीचं आहे, मला येत नाही तेच जास्त, पण मास्तरांसमोर हे बोललो तेव्हा त्यांनी चष्म्यावरून असं बघितलं की मी गुपचूप स्केल वाजवायला घेतली.

इशाऱ्याचं मात्र त्यांना पटलं. वरातीत ते पुढे उभे राहून हात वर करायचे, एक बोट म्हणजे हे, दोन बोटं म्हणजे ते, मूठ म्हणजे बंद, नवरदेवाचा मामा नोट घेऊन आला की डोळ्यानेच ट्रंपेटवाल्याला सांगायचं ओढ अजून.

असो. न्यू डॉनकडे येतो, कारण यात गंमत अशी की ज्याने एवढी वर्षं किल्ल्या ओरबाडल्या तो शंभराव्या वर्षी स्वतःच्या नावाच्या रेकॉर्डवर बराचसा हळू वाजवतो. किंचाळी आहे, नाही असं नाही, पण आधी व्हायोलिनं येतात, टायटलच्या गाण्यात नेने चेरीचा आवाज येतो (ऑर्नेटच्या त्या आठ जणांत जो ट्रंपेटवाला होता डॉन चेरी, त्याची ही सावत्र मुलगी, म्हणजे घरचीच), आणि मग अल्टो असा आत येतो जसं कुणी चप्पल बाहेर काढून आत येतं. श्वास ऐकू येतो. स्वर धरताना किंचित हलतो, आणि हललेला तसाच ठेवलाय, कुणी साफसूफ केलेला नाही. मला या अल्बममधला सगळ्यात आवडता भाग म्हणजे अ‍ॅफ्रिकन सनसेट, तिथे तो घाईच करत नाही, लय पुढे जाते, हा मागून सावकाश. आणि शेवटी एंजल्स अँड डेमन्स अ‍ॅट प्ले, जे त्याचंच, आर्केस्ट्रातल्याच रॉनी बॉयकिन्सबरोबर केलेलं, १९६० साली आर्केस्ट्राने रेकॉर्ड केलेलं. साठ वर्षांनी आपलीच चाल परत घेतली. सगळंच जमलंय असं मी म्हणणार नाही, मधली एक-दोन गाणी मला पार्श्वसंगीतासारखी वाटली, बँड मजेत आहे आणि म्हातारा बाजूला बसलाय अशी. बरोबरीला आर्केस्ट्रातले नोएल स्कॉट आहेत, ते त्याच मॉर्टन स्ट्रीटच्या घरात राहणारे, आणि बेसवर जमालादीन टाकुमा, जो एके काळी ऑर्नेटच्या बँडमध्ये होता.

म्हणजे सोलो अल्बम म्हणायचा, पण आहे पुन्हा गोतावळाच.

मास्तरांनी विचारलं, "मग इतकी वर्षं स्वतःचं का नाही केलं?" मी माझ्या परीने सांगायला लागलो की सन रा १९९३ मध्ये गेला, मग जॉन गिलमोर नावाचा मोठा टेनर सॅक्सवाला होता त्याने बँड सांभाळला, तोही १९९५ ला गेला, तेव्हापासून मार्शल अ‍ॅलन लीडर, पण बँडचं नाव त्याने बदललं नाही, आजही सन रा आर्केस्ट्राच. मास्तर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग भिंतीकडे हात केला. तिथे त्यांच्या बँडचा एक फोटो आहे, वीस-बावीस जण, उन्हात डोळे बारीक केलेले, पुढे मोठा ड्रम, ड्रमवर गोलाकार रंगवलेलं मालकाचं नाव आणि खाली दुकानाचा पत्ता. मास्तर दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथे, अर्धा चेहरा पुढच्याच्या युफोनियमच्या, म्हणजे मोठ्या पितळी भोंग्याच्या, मागे.

"नाव ड्रमवर एकाचंच मावतं," म्हणाले, आणि चहा टाकायला उठले.

चहा पिताना मी उगाच आणखी माहिती पाजळली की हा माणूस बासरी वाजवतो, एक इलेक्ट्रॉनिक फुंकवाद्य वाजवतो ज्यातून परग्रहावरचे आवाज येतात, आणि ओबो पण वाजवतो. ओबो म्हणजे काय म्हणाले. फोटो दाखवला. दोन पत्त्या एकमेकींना चिकटवलेल्या, काळी नळी, आपल्या सनईच्याच कुळातलं. मास्तरांनी फोटो बोटांनी मोठा केला, नुसती पत्ती दिसेल एवढा. त्यांच्या वडिलांकडे सनई होती, मला हे माहीत नव्हतं, लहानपणी तेही फुंकायचे, मग बँडमध्ये पैसे जास्त म्हणून इकडे आले.

"याला दात टेकवावे लागत नाहीत," ते म्हणाले. "दोन्ही ओठ आत घ्यायचे. बस."

मग कवळी काढून पेल्यात ठेवली (माझ्यासमोर पहिल्यांदाच), दोन्ही ओठ आत दुमडले आणि माझा माऊथपीस, नुसता माऊथपीस, सॅक्सशिवाय, तोंडात धरून फुंकला. बदकासारखा आवाज आला. बाहेर बोळातली दोन पोरं हसली. पुन्हा फुंकला, तसाच. "पत्ती कडक आहे तुझी," म्हणाले. माझी अडीच नंबरची (नंबर वाढेल तशी पत्ती कडक), काही फार कडक नाही, पण ओठांनीच सगळं करायचं तर कडकच.

निघताना जिन्यात होतो तेव्हा वरून आवाज, "येताना दीड नंबरची आण. आणि ते म्हाताऱ्याचं पाठव मला व्हॉट्सअ‍ॅपवर."

नाशकात दीड नंबर मिळाली नाही, दोन दुकानं फिरलो, एकाने क्लॅरिओनेटची दाखवली आणि चालेल म्हणाला, ती चालत नाही. शेवटी ऑनलाइन मागवली, आठ दिवसांनी आली, नेऊन दिली. गेल्या रविवारी गेलो तर ती डबी टीव्हीवर रिमोटशेजारी, सील तसंच. मी काही विचारलं नाही. मास्तरांनी माझ्याकडून नेहमीसारखी स्केल घेतली, दोनदा चुकलो, दोनदा शिव्या खाल्ल्या, आणि अर्ध्यात थांबवून म्हणाले, ते अ‍ॅफ्रिकन काय ते, त्यात तो मागून येतो ना, तसा ये, पळतोस कशाला.