फळीपासून इलेक्ट्रिक गिटारपर्यंत: माझा अनुभव

इलेक्ट्रिक गिटार घरी बनवता येते आणि ती उत्तम वाजते. मी सुतार नाही, इलेक्ट्रॉनिक्सही शिकलेलो नाही. कामाला लागलो तेव्हा राऊटर, म्हणजे लाकूड कोरायचं मशीन, कधी हातात धरला नव्हता. आज मी वाजवतो ती गिटार माझ्याच हातची आहे आणि शेवटच्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) सुरात आहे. नव्याने हे करू पाहणाऱ्याला मला सगळ्यात आधी हे सांगायचंय की या वाद्यात काटेकोरपणा फार थोड्या जागी लागतो, पण तिथे तो अर्ध्या मिलिमीटरचा लागतो. बाकीच्या ठिकाणी लाकूड बरंच सांभाळून घेतं. या जागा आधी ओळखल्या की जीव कुठे लावायचा ते कळतं.

अकूस्टिक गिटारचा आवाज पोकळ पेटीतून आणि वरच्या पातळ फळीतून येतो, म्हणून तिथे प्रत्येक पट्टी, प्रत्येक जाडी महत्त्वाची. इलेक्ट्रिकमध्ये तारेचं कंपन पिकअप टिपतो. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती सुमारे ०.०६ मिमी जाडीच्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार वर हलली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. नायलॉनच्या तारा इथे चालत नाहीत त्या याच कारणाने. बॉडीचं मुख्य काम म्हणजे तारांची दोन्ही टोकं घट्ट आणि अचूक जागी धरून ठेवणं. हे समजल्यावर माझी भीती निम्मी झाली.

उरलेली भीती क्वीन या बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांच्या गिटारने घालवली. १९६३ साली त्यांनी वडिलांबरोबर घरीच ती बनवायला घेतली. नेकसाठी, म्हणजे दांड्यासाठी, जुन्या फायरप्लेसचं महोगनी लाकूड, ट्रेमोलोला (तारांचा ताण बदलून सूर हलवणाऱ्या यंत्रणेला) मोटरसायकलच्या इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, फ्रेटबोर्डवरच्या (फ्रेट बसवलेल्या पट्टीवरच्या) ठिपक्यांना शिंपल्याची बटणं. पुढे जगभरच्या मंचांवर ते तीच गिटार वाजवत राहिले.

नमुना म्हणून मी टेलिकास्टर निवडली, आणि नवख्या माणसाने हीच निवडावी असं माझं ठाम मत आहे. ही गिटार बनवणारे लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५० मध्ये त्यांनी बाजारात आणलेली ही रचना कारखान्यात भराभर बनावी अशीच आखलेली होती: सपाट फळीची बॉडी, चार स्क्रूंनी बसवलेला नेक, ट्रेमोलोशिवायचा ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग). कारखान्याला सोपं ते घरीही सोपं. नेक मात्र मी फ्रेट बसवलेला, तयार घेतला. पहिल्याच गिटारला नेकही स्वतः करायचा हट्ट धरू नये. बॉडी आणि जुळणी यांतच शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

आराखडा खऱ्या आकारात छापून घेतला आणि छापल्यावर स्टीलच्या पट्टीने मोजला. प्रिंटर नकळत आकार दोन-तीन टक्के लहान करतो, आणि ६४८ मिमीच्या मापात तेवढा फरक म्हणजे दहा-वीस मिलिमीटर. हा फेंडर पद्धतीचा स्केल आहे, साडेपंचवीस इंचांचा, म्हणजे नटपासून (नेकच्या वरच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) ब्रिजवरच्या तारेच्या टेकूपर्यंतची लांबी.

लाकडाबद्दल वाद घालणारे खूप भेटतील. मी पाहिलं ते इतकंच की लाकूड पूर्ण वाळलेलं असावं, ओलावा ८ ते १० टक्क्यांच्या आसपास, रेषा सरळ असाव्यात, आणि खांद्यावर तासभर पेलवेल इतकं वजन असावं. ४५ मिमी जाडीच्या दोन फळ्या कडेला कड लावून जोडायच्या होत्या. त्यासाठी एक जुनी युक्ती आहे, ती मला फार आवडली. दोन्ही फळ्या मिटलेल्या पुस्तकासारख्या शिकंज्यात धरायच्या आणि दोन्ही कडांवर एकदमच रंधा मारायचा. रंधा जरा कलला तरी एका कडेचा कल दुसरीच्या बरोबर उलट पडतो, आणि फळ्या उघडून शेजारी ठेवल्या की फट राहत नाही. डिंक लावून क्लॅम्प एक वरून, एक खालून असे आलटून पालटून कसले, म्हणजे फळी वाकत नाही.

हा सांधा मी मुद्दाम बॉडीच्या बरोबर मध्यावर येऊ दिला, कारण मध्यरेषा हीच सगळ्या मापांची आई. नेकची खाच, पिकअप, ब्रिज, सगळं या रेषेपासून मोजायचं, कडेपासून कधीच नाही. कड घासताना कमी-जास्त होते, मध्यरेषा जागची हलत नाही.

आकार जिगसॉने रेषेच्या दोन-तीन मिलिमीटर बाहेरून कापला आणि मग राऊटर. एमडीएफचं (दाबून बनवलेल्या लाकडी फळीचं) टेम्प्लेट, म्हणजे साचा, दुहेरी चिकटपट्टीने बसवायचं, बेअरिंगवाला कटर त्याच्या कडेने फिरवायचा. एका फेरीत चार-पाच मिलिमीटरपेक्षा खोल जायचं नाही, आणि कटर ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट मशीन सरकवायचं. गिटारच्या वळणांवर, जिथे लाकडाचे तंतू आडवे कापले जातात, तिथे हात आणखी हलका ठेवायचा. चष्मा, कानावर मफ आणि चांगला मास्क यांत तडजोड नको. एमडीएफची आणि शिसवीची बारीक धूळ फुप्फुसांना खरोखर घातक असते.

नेकची खाच ही काटेकोर जागांतली पहिली. विकतचं टेम्प्लेट माझ्या नेकला बसेलच याची खात्री नव्हती, म्हणून नेकवरूनच टेम्प्लेट केलं. नेक मध्यरेषेवर ठेवून त्याच्या टाचेला तिन्ही बाजूंनी सरळ पट्ट्या भिडवल्या, पट्ट्या खाली चिकटवल्या, नेक उचलला. मधे उरली ती जागा म्हणजेच खाच. आधी टाकाऊ तुकड्यावर करून पाहिली, मगच बॉडीवर. खोली १६ मिमी ठेवली. टाच साधारण २५ मिमी जाड असल्याने फ्रेटबोर्ड बॉडीच्या वर सुमारे ९ मिमी राहतो आणि ब्रिजच्या उंचीशी मेळ बसतो. शेवटी स्क्रू न लावता नेक धरून उचलला, तर बॉडीही त्याबरोबर उचलली गेली. बॉडीला रंगाचा जाड थर द्यायचा असेल तर मात्र खाचेत त्या थरापुरती जागा सोडावी लागते.

स्क्रूंची भोकं बॉडीत सैल हवीत, आटे फक्त नेकमध्ये बसले पाहिजेत. दोन्हीकडे आटे बसले तर स्क्रू कसूनही नेक बॉडीला पूर्ण भिडत नाही. नेकचं मेपल लाकूड कठीण असतं, म्हणून नेकमधलं भोक स्क्रूच्या मधल्या दांड्याएवढं पाडून, स्क्रूला मेण लावून पिळायचं.

आता ब्रिज. नेक बसल्याशिवाय ब्रिजची जागा ठरवायची नाही, आराखड्यात कितीही छान दिसत असली तरी. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजलं, ३२४ मिमी आलं. तिथून पुन्हा ३२४ पुढे, ही तात्त्विक जागा. पण तार दाबली की ताणली जाते आणि स्वर किंचित चढतो, जाड तारेला तिचा ताठपणाही आड येतो. म्हणून प्रत्यक्षात तार त्याहून थोडी लांब लागते, जाड तारेला जास्त. सगळ्यात बारीक तारेचं सॅडल (ब्रिजवरचा तारेचा सरकता टेकू) जवळजवळ पूर्ण पुढे आणून ते ३२४ च्या खुणेवर ठेवलं, म्हणजे सगळ्या सॅडल्सना मागे सरकायला वाव राहिला. सतारीचे पडदे सरकवून सूर जुळवता येतो. इथे फ्रेट कायमचे ठोकलेले, त्यामुळे सगळी दुरुस्ती ब्रिजवरच्या या थोड्याशा जागेतच करायची असते. आडवी जागा दोन दोऱ्यांनी ठरवली. पहिल्या आणि सहाव्या तारेच्या जागी नटपासून ब्रिजपर्यंत दोरे ताणले आणि फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडांना सारखं अंतर दिसेपर्यंत ब्रिज हलवला. भोकं त्यानंतर.

फिनिशिंगला मी तेल निवडलं. पॉलिश पेपर १२० पासून ३२० पर्यंत, मधे एकदा ओलं फडकं फिरवून उठलेले तंतू पुन्हा घासले, आणि पातळ हात दिले. एक गोष्ट कळकळीने सांगतो: जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून टाकू नका. वाळताना ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. मोकळ्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

वायरिंग दिसतं त्यापेक्षा खूप सोपं आहे. दोन पिकअप, एक स्विच, २५० किलो-ओहमचे दोन पॉट (आवाज आणि टोन कमी-जास्त करणारे), एक कपॅसिटर, एक जॅक. सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचे) पिकअप घरातल्या विजेची घरघरही पकडतात, म्हणून खाचांना आतून तांब्याची पट्टी चिकटवली आणि मल्टिमीटरने सगळी एकमेकांना जोडलेली आहे ना ते पाहिलं. ब्रिजला अर्थची तार विसरू नये. पॉटच्या पाठीवर डाग धरत नाही असं वाटलं तर पाठ थोडी खरवडावी आणि जास्त ताकदीची सोल्डरिंग आयर्न वापरावी. तारा चढवण्याआधीच गिटार अँपला लावून पिकअपवर स्क्रू-ड्रायव्हर हलकेच टेकवला. स्पीकरमधून टक् असा आवाज आला. आनंद झाला.

इतकं झाल्यावर वाद्य पूर्ण झालं असं वाटतं, पण वाजवायला सुख देणारं काम इथूनच सुरू होतं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. आधी ट्रस रॉड (नेकच्या आतला, त्याचा बाक कमी-जास्त करणारा दांडा) फिरवून नेक अगदी सरळ केला, फ्रेटबोर्डवर टेप लावून फ्रेटच्या माथ्यांवर मार्करची शाई लावली, आणि सपाट लांब पट्टीला पॉलिश पेपर लावून सगळ्या फ्रेटवरून एकत्र फिरवला. शाई जिथे आधी जाते तो फ्रेट उंच, जिथे राहते तो बुटका. सगळीकडची शाई जाईपर्यंत घासलं, मग खास कानशीने प्रत्येक माथा पुन्हा गोल केला आणि आरशासारखं चमकेपर्यंत पॉलिश केलं. उंच फ्रेटमुळे होणारी तारेची खरखर अशी जाते.

१० ते ४६ गेजच्या (इंचाच्या हजाराव्या भागांत मोजलेल्या जाडीच्या) सहा तारांचा मिळून ताण ४५ किलोच्या आसपास असतो, त्यामुळे तारा चढवल्यावर नेक थोडा पुढे झुकतोच. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून सातव्या-आठव्याशी पाव मिलिमीटर फट राहील असा रॉड लावला. मग नटच्या खाचा: दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे तार दाबली की पहिल्यावर कागद जेमतेम सरकेल इतकी फट हवी. त्यानंतर बाराव्या फ्रेटवर तारेची उंची दीड ते दोन मिलिमीटर. इंटोनेशन, म्हणजे सगळ्या फ्रेटवर सूर बरोबर येणं, शेवटी: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबलेला स्वर ट्यूनरवर ताडून पाहायचे, दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरला असेल तर पुढे. हा क्रम उलटा करू नये, कारण आधीचं प्रत्येक माप पुढच्याला बदलतं. काही आठवडे ताण सोसून नेक स्थिरावला की हे सगळं पुन्हा एकदा पाहावं लागतं.

पुढच्या गिटारचा नेक मी स्वतः करतोय. फ्रेटच्या जागा काढायला उरलेल्या लांबीला दरवेळी १७.८१७ ने भागत जायचं: ६४८ वर पहिला फ्रेट ३६.३७ मिमीवर येतो, दुसरा त्याच्या ३४.३३ पुढे, आणि बारावा बरोबर मध्यावर. तक्ता तयार आहे, आणि त्यातली सगळी अंतरं मी नटपासूनच धरली आहेत, म्हणजे एका खुणेतला फरक पुढच्या खुणांमध्ये साठत जाणार नाही. शिसवीच्या पट्टीवर खुणा करून झाल्या आहेत, आता फ्रेटच्या खाचा कापायला घेतो.