तिसऱ्या महिन्याचा क्लेम

ऑक्टोबरपासून इथे काही लिहिलं नाही, मनच होत नव्हतं. पण गेल्या महिन्यात तीन मैत्रिणींनी वेगवेगळे फोन करून एकच गोष्ट विचारली, की ते ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, बेरोजगारीचे पैसे तुला मिळाले का, आणि घ्यावेत का आपण. म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते, थोडं लांबेल.

सर्वपित्रीला, १४ ऑक्टोबर २०२३ ला, जेवणाच्या सुट्टीनंतर आम्हा अकरा जणांना ऑफिसात बोलावलं आणि सांगितलं की एक लाइन बंद होतेय, उद्यापासून येऊ नका. इंदूरच्या सांवेर रोडवरचं पॅकेजिंगचं युनिट, मी सहा वर्षं स्टोअरमध्ये होते. हिशोब दिला, लेटर दिलं, झालं. दुसऱ्या दिवशी घट बसवताना माझं लक्ष पूजेत नव्हतंच, लेकाची फी आणि घरभाडं हेच डोक्यात फिरत होतं.

ईएसआय म्हणजे नंदानगरचं हॉस्पिटल आणि औषधं, एवढंच मला माहीत होतं. पगार २१ हजारांच्या आत असला की आपल्या पगारातून ०.७५ टक्के कापतात आणि ३.२५ टक्के मालक भरतो, ते दर महिन्याला स्लिपवर दिसायचं आणि मी कधी विचारही केला नाही की ते नेमकं कशासाठी. स्टोअरमधल्या एका दादांनी सांगितलं की अटल बीमित व्यक्ति कल्याण योजना म्हणून आहे, २०१८ पासून, नोकरी गेली तर पैसे मिळतात. आधी पगाराच्या २५ टक्के मिळायचे, कोविडच्या वर्षी, म्हणजे २०२० मध्ये, ते ५० टक्के केले. दोन वर्षं तरी विम्यात असायला हवं आणि त्यातल्या सहामाह्यांत ठरलेल्या दिवसांची वर्गणी भरलेली हवी. गैरवर्तनासाठी काढलं असेल, रिटायर झाला असाल किंवा स्वतः व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेतली असेल तर नाही मिळत.

हिशोब असा. मागच्या चार सहामाह्यांचा एकूण पगार घ्यायचा, त्याला ७३० ने, म्हणजे दोन वर्षांच्या दिवसांनी, भागायचं, त्याच्या अर्धे एका दिवसाचे. माझा महिन्याचा पगार सरासरी १५ हजार धरला तर दिवसाला २४६ रुपये. आयुष्यात जास्तीत जास्त ९० दिवस. म्हणजे सगळे मिळून २२ हजारांच्या आसपास. आणि क्लेम मागच्या पूर्ण झालेल्या महिन्याचाच करायचा, पुढच्या महिन्याचा आगाऊ करता येत नाही. आधार आणि बँक खातं जोडलेलं असलं की पैसे थेट खात्यात.

खरं सांगायचं तर पहिला क्लेमसुद्धा मी भरणार नव्हते. दिवाळी १२ नोव्हेंबरला होती, फराळाला जाऊबाई आल्या होत्या, विषय निघाला तर म्हणाल्या, "अगं, सरकारी पैशावर बसून राहशील तर नोकरी शोधायचं मनच नाही होणार." वाईट हेतूने नाही म्हणाल्या, पण मला ते इतकं लागलं की चकली हातातच राहिली. रात्री यांना म्हटलं नकोच ते, आपण कुणापुढे हात पसरायचा नाही.

भाऊबीजेला माहेरी गेले तेव्हा आईला सांगितलं. माझं माहेर नंदानगरचं, आबा हुकुमचंद मिलमध्ये होते. मिल १२ डिसेंबर १९९१ ला बंद पडली तेव्हा मी पाचवीत होते. त्यानंतर आबांनी दुसऱ्याच्या दुकानात वजनं केली, रात्रपाळीचा वॉचमन झाले, पण रविवारी मिलच्या गेटवरची मीटिंग कधी चुकवली नाही, ताप असला तरी जायचे. २०१६ मध्ये गेले ते थकबाकीची वाट बघतच. आई म्हणाली, "तुझ्या पगारातून कापलेत ना ते पैसे? मग हात पसरणं कसलं. तुझे आबा पंचवीस वर्षं गेटवर गेले, ते काय भीक मागून राहिले होते?"

त्याच आठवड्यात क्लेम भरला. डिसेंबरमध्ये दुसरा भरला. आणि हे मी ठामपणे लिहितेय, ज्यांना शंका आहे त्यांनी भरा. माझा अनुभव असा की त्या साडेसात हजारांमुळे मी आळशी झाले नाही, उलट एक नोकरी नाकारू शकले. पालद्याला एका गोडाऊनमध्ये आठ हजार देत होते, ना पीएफ ना ईएसआय, सुट्टीचा पत्ता नाही. पैसे येत नसते तर मी पहिल्याच दिवशी हो म्हटलं असतं आणि पुढची तीन वर्षं तिथेच अडकले असते. घरात किराणा आहे म्हटल्यावर माणूस जरा सरळ उभा राहून बोलतो.

तिसऱ्या महिन्यात मात्र गडबड झाली. संक्रांतीच्या आधी सियागंजमध्ये तीळ-गुळाची एवढी गर्दी असते की होलसेलवाल्यांना बिलं करायला माणसं पुरत नाहीत. मावसभावाच्या ओळखीने एका दुकानात २ जानेवारीपासून बसले, टॅलीवर बिलं, सकाळी दहा ते रात्री नऊ, रोज ४५० रोख. १४ तारखेला संपलं. पायांना सूज आली, आणि त्या दिवसांत एका ठिकाणाहून इंटरव्ह्यूचा फोन आला तो गर्दीत ऐकूच आला नाही, त्याची हळहळ अजून आहे.

माझे ९० दिवस १२ जानेवारीला पूर्ण झाले. म्हणजे शेवटच्या महिन्यातले अकरा दिवस मी काम केलं होतं. कुठे नोंद नाही, पावती नाही, पीएफ नंबर नाही. हे म्हणाले, "रोजंदारीला कुणी नोकरी म्हणतं का, आयुष्यात एकदाच मिळतात, भरून टाक." दादांनीही तेच सांगितलं. चुकीचं बोलत होते असं नाही म्हणणार मी, घर चालवणारा माणूस असाच विचार करतो. सात हजारात आमचं भाडं निघतं, आणि मी तीन रात्री हाच हिशोब करत पडून होते.

त्याच सुमारास मी आईकडे तिचे कागद लावायला जात होते. २५ डिसेंबरला पंतप्रधानांच्या कार्यक्रमात हुकुमचंदच्या कामगारांच्या थकबाकीसाठी सुमारे २२४ कोटींचा चेक दिला गेला, बत्तीस वर्षांनी, आणि आता वारसांचे कागद गोळा करणं चालू होतं. आईने बिस्किटाचा जुना डबा उघडला. आबांची हजेरी कार्डं, पगाराच्या चिठ्ठ्या, सगळं तारखेवार. एका कार्डावर दोन दिवसांपुढे त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, 'गैरहजर, ताईला गोवर'. ताई म्हणजे मी. ते दोन दिवस कुणी विचारणार नव्हतं.

त्याच टेबलावर माझा फोन होता, तिसऱ्या महिन्याचा क्लेम उघडलेला. त्यात मी त्या महिन्यात बेरोजगार होते असं मीच म्हणायचं होतं. लाज वाटून सोडणं आणि खोटं लिहायचं नाही म्हणून सोडणं, या दोन गोष्टी दिवाळीपासून माझ्या डोक्यात एकत्र झाल्या होत्या, त्या तिथे सुट्या झाल्या. पहिले दोन महिने माझ्या हक्काचे होते, ते पुन्हा मागावे लागले तरी मी मागेन. तिसरा नव्हता. फोन बंद केला आणि आईच्या फॉर्मवर आबांचा मिलमधला टोकन नंबर लिहिला.

घरी येऊन यांना सांगितलं. थोडा वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, भाड्याचं मी बघतो, तू इंटरव्ह्यूला तो हिरवा ड्रेस घाल.

सोमवारी आहे, परत सांवेर रोडलाच, स्टोअर असिस्टंट, पीएफ-ईएसआयसकट. मधल्या तीन महिन्यांत काय केलं विचारतील तर सियागंजचं पण सांगणार आहे.